फिल्टर आला आणि आईचे पाणी कमी झाले

‘‘अगं, रात्रभर पाणी वाहतंय कुठंतरी.’’

माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आईने लागोपाठ तीन सकाळी मला हे सांगितले आणि तिन्ही वेळा मी ते कानाआड केले. उतारवयात काहींना नसलेले आवाज ऐकू येतात, हे मला ठाऊक होते. त्यामुळे आईच्या कानांना दोष देणे सोपे गेले. वाचकहो, आज हे लिहिताना मला संकोच वाटतो. कारण आईचे कान शाबूत होते. ऐकू येत नव्हते ते मलाच.

आम्ही पुण्याच्या पूर्वेकडील एका वसाहतीत राहतो. महापालिकेचे पाणी थोडा वेळ येते. उरलेली गरज कूपनलिका आणि टँकर भागवतात. गच्चीवरच्या टाकीत तिन्हींचा संगम होतो. दोन वर्षांपूर्वी आई माण तालुक्यातील आमच्या गावाहून माझ्याकडे कायमची राहायला आली. या पाण्याने तिचे पोट बिघडू नये, म्हणून गेल्या फेब्रुवारीत मी पाण्याचा फिल्टर घेतला.

घेण्यापूर्वी एक काम मात्र मी बरोबर केले होते. पाणी तपासून घेतले होते. आपल्या घरी फिल्टर घेण्याचा विचार असेल, तर आधी हेच करावे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ज्याला टीडीएस म्हणतात, ते भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येते. क्षार ५०० च्या आत असतील तर बहुधा आरओ यंत्राची गरज नसते. जंतूंसाठी यूव्ही किंवा यूएफ पद्धतीचा साधा फिल्टर पुरतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, अशा कमी क्षारांच्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी आणावी, असे केंद्र सरकारला सांगितले होते. कारण आरओ यंत्र पाणी गाळताना बरेचसे पाणी टाकूनही देते. आमच्या टाकीतील पाण्याचा आकडा ७८० निघाला, म्हणून आम्ही आरओ घेतला. टीडीएसचे मीटर केवळ क्षार सांगते, जंतू सांगत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे.

फिल्टर बसवायला आलेला तरुण चुणचुणीत होता. त्याने सिंकखालच्या अँगल कॉकपाशी जोड घातला, तेथून बारीक पांढरी नळी वर यंत्रात नेली आणि टाकाऊ पाण्याची दुसरी नळी सिंकच्या वेस्ट पाइपात खुपसून दिली. बाहेरची गाळणी त्याच्या पिशवीत नव्हती. ‘‘पुढच्या खेपेस बसवतो,’’ म्हणाला. तासाभरात काम आटोपले. पहिल्या दोन टाक्या पिऊ नका, सोडून द्या, असे सांगून तो गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून सारे पाहत होती. तिने पाहिले आणि ऐकलेही. तिने काय ऐकले, ते मला फार उशिरा कळले.

पहिली तक्रार दुसऱ्याच दिवशी आली. स्वयंपाकघरातील नळाची धार करंगळीएवढी बारीक झाली. फिल्टरनेच पाणी ओढून घेतले, असे मला वाटले. पण आमच्या इमारतीतील नळकाम करणाऱ्या जुन्या कारागिराने नळाच्या तोंडाची जाळी हाताने फिरवून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात गंजाचे तांबूस कण आणि चुन्याची खडी अडकली होती. पाणी बंद करून पाइप उघडला, जोड घातला आणि पाणी पुन्हा सोडले की पाइपात वर्षानुवर्षे बसलेली खर सुटते आणि वाटेत जेथे अडथळा येईल तेथे साचते. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवली, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने घासली आणि धार पूर्ववत झाली. नवा जोड घातल्यावर पाइप बादलीत मोकळा सोडून धुऊन घ्यायचा असतो. ते राहून गेले होते. हीच खर पुढे आणखी एक खोड काढणार होती.

आठवड्याने सिंकखालच्या कपाटातून कुबट वास येऊ लागला. आत ठेवलेल्या पिशव्या तळाशी ओल्या होत्या. गळती कोठून हे मात्र दिसेना. गळणारा थेंब पाइपावरून ओघळत येतो आणि भलत्याच जागी पडतो, त्यामुळे थेंब पडतो तेथे गळती असतेच असे नाही. कारागिराने सांगितलेला उपाय इतका सोपा आहे की, आपणही तो करू शकता. आधी कोरड्या हातांनी यंत्राचा विजेचा खटका बंद करावा. मग सर्व जोड कापडाने खडखडीत पुसून प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळावी. तासाभराने पाहावे. जी पट्टी वरून ओली झाली असेल, दोषी जोड तोच.

आमच्याकडे दोन दोषी सापडले. पांढरी नळी सरळ न कापता तिरकी कापली होती, त्यामुळे ती जोडात पुरती बसली नव्हती. अँगल कॉक बंद करून नळीचे टोक धारदार पात्याने काटकोनात कापले आणि नळी थांबेपर्यंत आत दाबली. दुसरीकडे आट्यांवरची पांढरी टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळलेली होती; जोड आवळताना ती उलगडली. आट्यांचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप गुंडाळली की ती आवळताना घट्ट बसते. गळतो म्हणून जोड जोर लावून पिळू नये. प्लास्टिकचे आटे तडकतात आणि थेंबाची धार होते.

स्वयंपाकघरात म्हाताऱ्या माणसाचा वावर असेल, तर ही गळती केवळ कपाट खराब करणारी राहत नाही. कपाटाच्या दारातून फरशीवर आलेले चमचाभर पाणी गुळगुळीत फरशीवर दिसत नाही. आई रात्री उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जात असे. ती त्या ओलीवर घसरली नाही, हे आमचे नशीब. मी मात्र गळती थांबली, कपाट सुकले, फरशी कोरडी झाली, एवढ्यावर समाधान मानले.

मार्च उजाडला. ऊन वाढू लागले आणि आई मंदावली. दुपारी जास्त झोपू लागली, बद्धकोष्ठाची तक्रार करू लागली, नातवाचे नाव घेताना दोनदा अडखळली. मी ते वयाच्या खात्यावर टाकले. ‘रात्रभर पाणी वाहतंय’ हे तिचे म्हणणेही त्याच खात्यावर गेले.

चौथ्या सकाळी पलंगावरून उठताना आईला भोवळ आली. मी शेजारीच होते म्हणून ती माझ्या खांद्यावर रेलली, अन्यथा पलंगाची कडा डोक्याला लागली असती. डॉक्टर घरी आले. त्यांनी आधी आडवे निजवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहताच तो बराच खाली येत होता. जीभ पाहिली, लघवीचा रंग विचारला, रक्तातील सोडियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितले. मग मला विचारले, ‘‘आई पाणी किती पितात?’’

‘‘पितात की भरपूर,’’ मी म्हणाले. ‘‘आता तर फिल्टरही बसवलाय.’’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘मी फिल्टरचं विचारलं नाही. आज अंदाज नको, मोजा.’’

मी मोजले. लिटरभराचा तांब्या आईच्या उशाशी भरून ठेवला. संध्याकाळी त्यातले दोन पेले कमी झाले होते, आणि त्यातलाही एक गोळ्या गिळण्यापुरता. वयाबरोबर तहानेची जाणीव मंद होते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही उतरते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी भरभर कमी होते. डॉक्टरांनी हे मला नीट समजावले. पण आईची तहान एका महिन्यात इतकी कशी मंदावली? जानेवारीत तर ती स्वतःहून पाणी मागून घेत होती.

त्या रात्री मी आईच्या खोलीत निजले. तिची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. साडेबारा वाजले, रस्ता शांत झाला, पंखा बंद केला आणि मला ऐकू आले. अगदी बारीक, सलग, पाटाच्या पाण्यासारखा आवाज. तो कानांत नव्हता, भिंतीत होता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. फिल्टरची टाकी भरलेली होती, यंत्राचा दिवा तसे सांगत होता. मी खटका बंद केला. तरी आवाज थांबेना. मग टाकाऊ पाण्याची नळी वेस्ट पाइपातून बाहेर काढून पातेल्यात धरली. विजेविना, टाकी भरलेली असताना, नळीतून पाणी वाहतच होते. मी अँगल कॉक बंद केला. थोड्या वेळाने धार तुटली. भिंत गप्प झाली.

सकाळी कारागिराने कारण सांगितले. टाकी भरली की यंत्रातील एक विजेवर चालणारी झडप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पाण्याची वाट बंद करते. बाहेरची गाळणी नसल्यामुळे पाइपातील खर थेट आत गेली होती आणि त्या झडपेत एक कण अडकला होता. झडप मिटत नव्हती. गच्चीवरची टाकी आपल्या दाबाने पाणी ढकलत होती आणि ते अहोरात्र गटारात जात होते. नळी वेस्ट पाइपात लपलेली असल्यामुळे डोळ्यांना काही दिसत नव्हते. झडप बदलली, बाहेरची गाळणी बसवली आणि ते दुखणे संपले.

मी आईजवळ जाऊन बसले. म्हणाले, ‘‘तुझं खरं होतं. रात्रभर पाणी वाहत होतं.’’

आईच्या चेहऱ्यावर विजयाची खूण नव्हती. तिने घाबरून विचारले, ‘‘माझ्यामुळंच ना?’’

मग एकेक उलगडत गेले. फिल्टर बसवताना मी त्या तरुणाला टाकाऊ पाण्याविषयी विचारले होते आणि त्याने उत्तर दिले होते की, एक लिटर गाळायला तीन लिटर वाया जाते. आईने ते दारात बसून ऐकले होते. ‘‘मी एक पेला प्यायचा आणि तीन पेले मोरीत जायचे,’’ ती म्हणाली. पुढे रात्री भिंतीतून आवाज येऊ लागला, तेव्हा तिने हिशेब मांडला की, आपण रात्री उठून पेलाभर घेतो म्हणून ते यंत्र चालू होते आणि पहाटेपर्यंत पाणी सांडत राहते. तिने आधी रात्रीचे पाणी सोडले. आवाज थांबला नाही. मग दुपारचे सोडले. गोळ्यांपुरते ठेवले.

आपल्यापैकी ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. सुकडीची चव आणि तांबड्या मिलोची भाकरी एवढेच मला आठवते. आई मात्र दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडत असे आणि पहाटे कोरड्या नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीने घागर भरत असे. एक घागर भरायला तास तास बसावे लागे. घरातल्या सर्वांचे पिऊन झाल्यावर उरेल ते तिचे. अशा स्त्रीला आम्ही शहरातल्या घरात आणले आणि तिच्या देखत एका पेल्यामागे तीन पेले मोरीत सोडले. तिने वाद घातला नाही. ‘मला हे पाणी नको’ असेही म्हणाली नाही. जुन्या सवयीने तिने आपला वाटा सोडला, इतकेच.

‘‘मला का सांगितलं नाहीस?’’ मी विचारले.

‘‘सांगितलं की. तीनदा सांगितलं, पाणी वाहतंय म्हणून.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही घरात काही बदल केले. ते आपल्यालाही उपयोगी पडतील, म्हणून सांगते. टाकाऊ पाण्याची नळी आता वेस्ट पाइपात नाही, ओट्याशेजारी ठेवलेल्या झाकणाच्या बादलीत आहे. त्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते पिण्यास किंवा स्वयंपाकास चालत नाही. परंतु फरशी पुसायला, मोरी धुवायला, शौचालयात टाकायला उत्तम. बादली कोणत्या वेळी भरते हे डोळ्यांपुढे असल्यामुळे यंत्र अकारण चालू राहिले तर ते लगेच कळते. भरलेली बादली उचलणे वृद्धांचे काम नव्हे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई ती रिकामी करतात. बादलीवर लक्ष ठेवण्याचे काम मात्र आईने स्वतःकडे घेतले आहे. वाया जाणारे पाणी कामी लागते, हे ती रोज पाहते.

दुसरे, आईने पाण्याला चव नसल्याचे सांगितले. यंत्रातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजला, तर अवघा २५ निघाला. कारागिराने यंत्रातील नियामक फिरवून तो शंभराच्या वर आणला. असे करताना मिसळलेले कच्चे पाणी पुढे यूव्ही किंवा यूएफमधून जाते ना, याची खात्री करून घ्यावी. अन्यथा चवीबरोबर जंतूही येतील.

तिसरे, फिल्टरची तोटी आईच्या हाताला उंच पडत होती आणि कडकही होती. सांधे दुखणाऱ्या बोटांनी ती दाबून धरणे तिला जमत नसे. आता सकाळीच दोन तांबे भरून तिच्या खोलीत ठेवतो, सोबत कानाचा हलका पेला. डॉक्टरांनी आईपुरते दिवसाला सहा-सात पेले ठरवून दिले आहेत. आपल्या घरातील वृद्धांसाठी हा आकडा आपल्या डॉक्टरांनाच विचारावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाणी मोजूनमापून द्यावे लागते. तेथे जास्त पाणीही घातक ठरते.

आपल्या घरी नुकताच फिल्टर बसवला असेल, तर पहिला महिनाभर काही गोष्टी पाहाव्यात. आठवड्यातून एकदा सिंकखाली कोरडा हात फिरवावा. टाकी भरल्यावर टाकाऊ पाण्याची धार थांबते का, हे रात्री शांततेत एकदा पाहावे. थांबत नसेल तर अँगल कॉक बंद करून कारागिराला बोलवावे, आणि तोवर टाकीत असलेले पाणी वापरावे. हा अँगल कॉक कोठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. फिल्टरची टाकी हळू भरते म्हणून घाबरू नये. घरगुती आरओ यंत्र ताशी दहा-पंधरा लिटरच पाणी देते. मात्र पूर्वी लवकर भरणारी टाकी हल्ली रेंगाळत असेल, तर गाळणी तुंबली असे समजावे. सत्तरी ओलांडलेल्यांनी सिंकखाली वाकून बसू नये आणि यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी स्टुलावर तर मुळीच चढू नये. खुर्चीवर बसून दुसऱ्याला सांगावे. अनुभव तुमचा, गुडघे त्याचे.

आणि जे वृद्धांची देखभाल करतात, त्यांना माझी एकच विनंती. उठताना भोवळ, गडद रंगाची लघवी, वाढलेली सुस्ती, अचानक आलेला विसराळूपणा हे सगळे वयाच्या खात्यावर टाकू नका. दिवसभरात पाणी किती पोटात गेले, हे एकदा प्रत्यक्ष मोजा. कमी गेले असेल तर ‘पाणी प्या हो’ एवढे म्हणून थांबू नका; का प्यायले नाही, ते विचारा. तोटी कडक असेल, रात्री मोरीपर्यंत जायची धास्ती असेल, चव आवडत नसेल किंवा माझ्या आईसारखा मनात एखादा जुना दुष्काळ असेल.

आईचे सोडियम आता ठीक आहे. भोवळ पुन्हा आलेली नाही. काल संध्याकाळी ती म्हणाली, ‘‘तुझ्या मशीनचा आवाज आज वेगळा येतोय गं.’’

या खेपेस मी चहाचा कप खाली ठेवला आणि आधी सिंकखाली पाहिले. गाळणी बदलायची वेळ झाली होती.